'गेलो'चं बटण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. काही महिन्यांपूर्वी मला कोणी असलं काही सांगितलं असतं तर मीही हसलेच असते. मी कॉम्प्युटरवाली बाई. "आपोआप झालं" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, कोणीतरी कुठलंतरी बटण दाबलेलं असतं! रस्त्यात उतरवून टाकलेली लिंबं मी मुद्दाम ओलांडून गेलेय. पण रोह्याला जे झालं, त्यात एका माणसाची सुटका अडकून पडली होती... आणि ती माझ्यामुळे अडकली असं मला अजून वाटतं. म्हणून लिहितेय.

मी पेणची, रामवाडीत राहते. छोट्या कारखान्यांत शॉप फ्लोअरचं सॉफ्टवेअर बसवलं की तिथल्या लोकांना ते शिकवायचं, हे माझं काम. रोह्याच्या एमआयडीसीत एक मशीन शॉप आहे, नाव सांगत नाही. सहा लेथ, दोन मिलिंग, अकरा माणसं. पंपांचे शाफ्ट बनवतात. तिथे खांबाला आम्ही एक टॅब लावला. सकाळी आलं की आपल्या नावावर टच करायचं, चार आकडी पिन टाकायचा आणि 'आलो' दाबायचं. जॉब हातात घेतला की 'काम सुरू', झाला की 'काम पूर्ण'. घरी निघताना 'गेलो'. माणसांना इंग्रजीचा जाच नको म्हणून हे मराठी शब्द मी स्वतः घातले होते, आणि मला त्याचा केवढा अभिमान!

ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी म्हात्रे मामा अडून बसले. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने टर्नर, लेथ चालवणारे. साठीला टेकलेले, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून रोज बाईकवर यायचे. बोटं कायम तेलकट, म्हणून बोट वाकवून सांध्याने स्क्रीनवर टकटक करायचे. पिनचे तीन आकडे पटापट टाकायचे, चौथ्याला थांबायचे, छताकडे बघून आठवायचे, मग दाबायचे. 'आलो' दाबलं. 'काम सुरू' दाबलं. पण संध्याकाळी 'गेलो' काही दाबेनात.

"हे कोनी लिवलंय गो बाय?"

"मी. का हो मामा?"

"'गेलो' असं कोन बोलतो? मानूस घरातून निघतो तवा 'येतो' बोलतो. 'गेला' मेल्यावर बोलतात, ते पन दुसरी लोकं."

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "मामा, बटण आहे ते, यमदूत नाही!" मामा हसले नाहीत. त्यांनी हेल्मेट उचललं आणि बटण न दाबताच निघून गेले.

तीन दिवस हेच. सिस्टीममध्ये मामा रात्रंदिवस लेथवर उभे! माझा नुसता संताप. शुक्रवारी सगळं चालू करून मला मोकळं व्हायचं होतं. शेवटी सुपरवायझर सावंत म्हणाले, "मॅडम, बदलून टाका ना तो शब्द. काय फरक पडतोय?" मी चडफडत शुक्रवारी दुपारी 'गेलो' हा शब्द सगळीकडून काढला आणि 'येतो' घातला. मामा एकदम खूश. पाच वाजता सांध्याने टक् करून बटण दाबलं आणि अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असं म्हणाले, "येतो गो बाय!"

"या मामा," मी म्हटलं.

मामा घरी पोचले नाहीत. नागोठण्याच्या पुढे त्यांनी बाईक कडेला लावली, झाडाखाली बसले, आणि बसलेलेच राहिले. हार्ट अटॅक.

सोमवारी सकाळी सावंतांचा फोन. आवाज अगदी बारीक. "मॅडम, तुमच्या सिस्टीममध्ये... मामा आलेत."

मी लॅपटॉप उघडला. सात बावन्न, म्हात्रे, आलो. त्यांनी शुक्रवारी अर्धवट ठेवलेल्या शाफ्टवर 'काम सुरू'. संध्याकाळी पाचला पुन्हा बघितलं, तर 'येतो'. मला वाटलं, कोणीतरी पिन बघून ठेवलाय आणि चावटपणा करतोय. मेलेल्या माणसाची अशी चेष्टा? मी पिन बदलला. मंगळवारी सात बावन्नला पुन्हा आलो. मामांचं नावच बंद केलं. बुधवारी पुन्हा. टॅब बदलला, तर गुरुवारी नव्या टॅबवरही तेच. त्या लेथजवळ कोणी जाईना. सावंत म्हणाले, "नारळ फोडू का मॅडम?" मी त्यांना असं झापलं की विचारू नका.

शुक्रवारी मी स्वतः चोर पकडायला गेले. सकाळी साडेसात, स्वच्छ ऊन, पाळी सुरू व्हायला अर्धा तास होता. स्क्रीन कोऱ्या फडक्याने पुसली आणि समोरच स्टूल टाकून बसले. आसपास कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

सात बावन्नला स्क्रीन उजळली. नावांची यादी हळूच वर सरकली. म्हात्रे. मग पिनचे ठिपके... एक. दोन. तीन.

आणि थांबले.

ते थांबणं मी ओळखलं हो! मग चौथा ठिपका पडला. 'आलो'. आत्ताच पुसलेल्या काचेवर तेलाचा एक गोल डाग उमटला होता, वाकवलेल्या बोटाच्या सांध्याएवढा. मी जी उठले ती थेट गेटपर्यंत पळाले. एक चप्पल आतच राहिली. वॉचमनसमोर मी लहान मुलीसारखी रडले, आणि ते सांगायला मला आता लाज वाटत नाही.

मामांचं तेरावं झालं आणि मामी त्यांचा चष्मा न् डबा न्यायला येणार असं कळलं. सावंतांनी हात टेकले, "मॅडम, तुम्हीच या. बाईमाणूस हवं." गेले. नाही कसं म्हणणार? मामी पहिल्या एसटीने आल्या होत्या. बारीक चणीच्या, डोळे कोरडे. त्यांना बसवलं आणि मला राहवेना. बटणापासून सगळं सांगून टाकलं. मी हसले होते तेही सांगितलं.

मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी लेथकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घरी पन येतात."

"म्हणजे?"

"रोज सकाली साडेसहाला दारात आवाज येतो. 'येतो गो.' चालीस वरसांची सवय हाय, माज्या तोंडातून 'या' निघतंच. आज तेवड्यासाटी आदीच घर सोडलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तू पन 'या' बोललीस, मी पन रोज 'या' बोलते. मंग ते काय करतील? येतात बिचारे. कामावर यायचं, घरी यायचं. त्यानला जा म्हनून कोनी बोललंच नाय गो."

घड्याळात सात पन्नास झाले होते. मामी उठून टॅबसमोर उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी झटकला.

स्क्रीन उजळली. म्हात्रे. एक ठिपका, दोन, तीन...

"आवो," मामी म्हणाल्या. शब्द अगदी स्पष्ट. "लय काम केलंत. आता येव नका. जावा."

तीन ठिपके तसेच राहिले. तेलाचा वास एवढा दाटला की डोळ्यांतून पाणी आलं. मग स्क्रीन विझली.

"काय आलं गो तिथं?" मामींनी विचारलं. "मला वाचता येत नाय."

मी लॅपटॉप उघडला. एकच नोंद होती. सात त्रेपन्न, म्हात्रे. आणि त्यापुढे जो शब्द होता, तो मला उच्चारवेना. चाळीस वर्षांत त्या माणसाने बायकोला कधी न म्हटलेला शब्द, आणि तो तिला माझ्या तोंडून ऐकावा लागणार होता.

"'गेलो', मामी."

मामी खाली फरशीवर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर मामांच्या नावावर एकही नोंद नाही. आमच्या ऑफिसातले म्हणतात, जुना शब्द कुठेतरी राहिला असेल. नव्हता राहिला! मी स्वतः काढला होता, दोनदा तपासला होता. बाकी जे झालं त्याला तर ते नावही देत नाहीत. एवढंच सांगते. सकाळी नवरा दारातून "येतो गं" म्हणतो, तेव्हा मी हातातलं काम सोडून दाराकडे बघते. रोज वाटतं, आज काही बोलू नये.

तरी "ये" म्हणतेच. न म्हणायची हिंमत होत नाही.