सामाईक चॅनेल

सरकारी ऑफिसात फाइल हलो न हलो, किस्से मात्र साठतच जातात. त्यांना कुणाची मंजुरी लागत नाही!

नव्वदच्या दशकात परदेशातलं शिक्षण संपवून मी बेंगळुरूला परतले. पोलीस, फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्स यांना वायरलेसवर एकमेकांशी बोलताच येत नसे. ते जोडायला केंद्राचं अनुदान येणार होतं. ते कुणाला, कोणत्या अटींवर द्यायचं, याच्या सूचना मल्लेश्वरमच्या आमच्या ऑफिसात मी लिहीत होते. पीण्या औद्योगिक वसाहतीतली चाचणी दिल्लीच्या साहेबांना पटली तरच अनुदान. नाहीतर तिघेही पूर्वीसारखेच बहिरे.

आमचे साहेब रामोजीअण्णा, इथल्याच जुन्या मराठी घरातले. माझा उत्साह बघून म्हणाले, "स्वल्प दमानं घ्या, अक्का. इथं अजून माणसंच जोडलेली नाहीत."

•

पहिली सूचना: तिघांसाठी एकच सामाईक चॅनेल.

पोलिसांचा लगेच होकार. अट एकच, "बोलणार आम्ही, बाकीच्यांनी ऐकायचं."

फायर ब्रिगेडचाही होकार. अटही तीच!

अँब्युलन्सवाल्यांची काहीच अट नव्हती. "ऐकतो की आम्ही. पण आमच्याकडे सेट कुठाय?"

मग त्यांना एक उसना आणून दिला.

•

दुसरी सूचना: सांकेतिक आकडे नकोत, साधं बोला.

पोलीस इन्स्पेक्टरांचा काळजीनं फोन आला. "मॅडम, साधं बोललं तर सगळ्यांना कळेल!"

•

वायरलेसवर धाकट्यानं थोरल्याला आधी हाक मारायची नाही, असा रिवाज. पण पोलीस थोरले की फायर, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. चॅनेल पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा दोन्हीकडचे साहेब समोरच्याची वाट बघत गप्प बसले. आम्ही कान लावून होतो. बराच वेळ गेला.

अण्णा खूश! "बघा, खरखर अजिबात नाही!"

•

आणि मग पीण्यातली चाचणी. एका रिकाम्या शेडसमोर मांडव, खुर्च्या, हार. कार्यक्रम ठरलेला: स्वागत, दिल्लीच्या साहेबांचं भाषण, मग शेडमध्ये खोटी आग, मग वायरलेस.

साहेब भाषणाला उभे राहिले आणि शेजारच्या कारखान्यातून खराच धूर यायला लागला! तिथला मालक धावत आला. "सार, आग! गाडी पाठवा!"

मी सेट उचलला आणि सामाईक चॅनेलवर ओरडले, "सगळ्यांनी ऐका! शेजारी आग लागलीय!"

तिघांचीही उत्तरं लगोलग आली, एकदम स्वच्छ.

"मॅडम, फायर. आग भाषणानंतर आहे."

"पोलीस. भाषणानंतर."

"अँब्युलन्स. भाषणानंतर, मॅडम."

तोवर शेजारच्या कामगारांनी वाळू टाकून आग विझवलीसुद्धा.

दिल्लीचे साहेब भाषण थांबवून टाळ्या वाजवत होते. "वा! तीनों एक सुर में! मंजूर!"