विंचवाची कविता आणि वर केलेले हात

बढाई मारण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरला नसता. वडील गिरणीत कामाला होते आणि मला पालिकेच्या शाळेत तात्पुरती नोकरी लागली, त्याच आठवड्यात त्यांनी वस्तीभर सांगून टाकलं होतं की पोरगी सरकारी मास्तरीण झाली, कायमची. आमच्या घरांच्या ओळीतली मी पहिलीच मास्तरीण. त्यामुळे बायका मला नळावर रांगेत पुढे सोडायच्या आणि मीही मुकाट्याने पुढे जायची. मी तात्पुरती आहे, हे सांगायला माझी जीभ काही रेटली नाही.

शाळा लकडगंजात होती. आजूबाजूला आरा मशीन. लाकूड कापण्याचा आवाज सुरू झाला की मी फळ्यावर लिहायची आणि थांबला की बोलायची. वर्ग तिसरीचा. पोरं बहुतेक मशीनवरच्या मजुरांची. माघात तपासणी ठरली आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितलं की तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर मी कायम, नाही तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर घरी. मी म्हटलं, माझ्या वर्गात एकही पोरगं असं नाही ज्याला काही येत नाही. वडिलांचीच मुलगी मी.

साहेब कविता विचारतात, हे मोठ्या बाईंना अनुभवाने माहीत होतं. तेव्हा आमच्या पुस्तकात एक गमतीची कविता होती. एक मिशाळ पैलवान ओट्यावर बसून गावाला सांगत असतो, मी जंगलात वाघाला थोबाडीत मारली, वाघ रडत घरी गेला. एवढ्यात पाट्याखालून विंचू निघतो. पैलवान धान्याच्या कोठीवर चढतो. त्याची बायको मात्र थरथर कापत, डोळ्यांत पाणी आणून, दर ओळीला मला भीती वाटते, मला भीती वाटते म्हणत चिमट्याने विंचू उचलते आणि बाहेर टाकून येते. पैलवान वरूनच सांगतो, मी कोठीवरून वाघ येतो का ते पाहत होतो. पोरं त्या ओळीला हसून लोळायची.

खरं शूर कोण, ह्याचं मी फळ्यावर उत्तर लिहून दिलं होतं: पैलवानाची बायको, कारण जो कशालाही भीत नाही तो खरा शूर. सगळ्यांनी ते वहीत उतरवून पाठ केलं. फक्त एका मुलीने, तिसऱ्या ओळीतल्या, दोन वेण्यांच्या, पाठ केलं नाही. ती उभी राहून म्हणाली, बाई, पण ते बाई तर भिऊन राहिली होती, मंग ते शूर कशी? खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो, अजूनही येतो. मी म्हटलं, जे लिहून दिलं ते पाठ कर, बस खाली. ती बसली. पण तिचं समाधान झालेलं नाही, हे मला दिसत होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी मला त्यांची युक्ती शिकवली. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येकाने हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाईंनी उजव्या हातवाल्यालाच उठवायचं. साहेबांना दिसतं नुसतं हातांचं रान. कित्येक वर्षं ही युक्ती कोणाला पकडता आली नव्हती, असं त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता. मी पोरांकडून तासभर सराव करून घेतला. त्यांना तो खेळच वाटला.

साहेब आले ते काळा कोट घालून, मागे शिपाई रजिस्टर घेऊन. मोठ्या बाई दाराशी पदर सावरून उभ्या. साहेबांनी कविता म्हणून घेतली, हसले, मग विचारलं, ह्या कवितेत खरं शूर कोण आणि का? सगळा वर्ग हात वर करून बसला. माझी छाती फुगली. मी उजव्या हातवाल्या एका मुलाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी स्वतःच बोट दाखवलं. दोन वेण्यांच्या मुलीकडे. तिचा डावा हात वर होता.

ती उभी राहिली. साहेब म्हणाले, हात वर केला ना, मग सांग. तिने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“डावा केला, साहेब. डावा म्हणजे येत नाही.”

मागच्या ओळीत कोणीतरी फिस्सकन हसलं. आरा मशीन नेमकं तेव्हाच थांबलं होतं. साहेबांनी वर्गावर नजर फिरवली. अजून खाली न आलेले हात बघितले, डावे आणि उजवे, आणि त्यांना सगळं कळलं. ते माझ्याकडे वळले. ही युक्ती कोणाची, म्हणून त्यांनी शांतपणे विचारलं.

दाराशी मोठ्या बाईंनी पदर आणखी घट्ट ओढला. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या नव्हत्या. नळावरच्या बायका होत्या, गिरणीच्या फाटकाशी वडील होते, आणि जूनमध्ये आमच्या ओळीत कोणी कोणाला काय सांगेल ते होतं. ती मुलगी अजून उभीच होती, माझ्याकडे पाहत. हातातला खडू मोडला आणि अर्धा खाली पडला. तो उचलायला वाकले असते तर उठता आलं नसतं.

“ह्या वर्गात मीच करायला लावलं, साहेब,” मी म्हटलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर पुढचंही बाहेर पडलं. ह्या मुलीने मला शंका विचारली होती, मी तिला दटावून खाली बसवलं, कारण उत्तर मलाच येत नव्हतं.

साहेबांनी मुलीला विचारलं, शंका काय. तिने पुन्हा तेच सांगितलं, त्या बाईचं भिणं आणि शूर असणं जुळत नाही म्हणून. साहेब उत्तर देतील असं मला वाटलं, पण त्यांनी ते तिच्यावरच सोडलं. तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं होतं, मोडक्या खडूच्या हाताकडे.

“आमच्या बाई आत्ता भिऊन राहिल्या,” ती म्हणाली. “तरी खरं सांगितलं त्यांनी. तसंच असन त्या बाईचं. भीती वाटून राहिली होती, तरी इंचू उचलला.”

मी मास्तरीण झाले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ती कविता मी निदान पन्नास वेळा शिकवली असेल. मला ती त्या क्षणी कळली, आठ वर्षांच्या मुलीकडून, आणि तेही नोकरी जायच्या बेतात असताना. फळ्यावर मी जे लिहून दिलं होतं ते तर पैलवानाचं मत होतं.

साहेब हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग चांगले मोठ्याने. त्यांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. “मीबी पारशिवनीच्या शाळेत मास्तर होतो, बाई,” ते म्हणाले. “आमच्याकडे डावा-उजवा नव्हता. येत असन तर पंजा, येत नसन तर मूठ.” पोरांना काय कळलं कोण जाणे, पण तीही हसली. मला भर वर्गात रडू येतं की काय असं झालं.

शेरा त्यांनी तिथेच टेबलावर लिहिला. वर्गातील मुले स्वतः विचार करतात. बाईंनी मुलांच्या शंका टाळू नयेत. कायम करण्यास हरकत नाही. तिसरं वाक्य मी तीनदा वाचलं, आणि मग दुसरं. दुसरं जास्त लागलं. लागायलाच हवं होतं.

साहेब गेल्यावर मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. आता ह्या मला झापणार, वर्षानुवर्षांची युक्ती माझ्या वर्गात फुटली म्हणून, अशी मनाची तयारी करून मी गेले. त्या खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा काढून ठेवला होता. बिनचष्म्याच्या त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या, आणि खूप थकलेल्या दिसत होत्या.

“मले वाटलं, तू माहं नाव घेशीन,” त्या म्हणाल्या.

इथे मला फुशारकी मारायची उत्तम संधी होती. म्हणता आलं असतं, छे हो बाई, तुमचं नाव माझ्या मनातही आलं नाही. माझ्या जागी वडील असते तर त्यांनी त्यावर वाघही चढवला असता. माझ्याही तोंडात पहिलं वाक्य तेच आलं होतं.

“घेणारच होती मी, बाई,” मी म्हटलं. “जिभेवर आलं होतं. पण ते पोरगी माह्याकडे पाहून राहिली होती, म्हणून नाही घेतलं.”

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं ओरडत मैदानात धावली. मग त्यांनी चष्मा पदराने पुसला.

“तुह्या जागी मी असती ना वं,” त्या म्हणाल्या, “तर मी घेतलं असतं.”

पुढे जूनमध्ये कायम झाल्याचा कागद आला, वडिलांनी तो वस्तीभर फिरवला. पण मला मोकळं वाटलं ते त्या खोलीतच, आम्ही दोघींनीही काय केलं असतं हे एकमेकींना खरं सांगून टाकल्यावर.