दिनकरनं गिळलेला घोट

दिनकर गेल्याचं कळलं तेव्हा मी साताऱ्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. ‘काका, दादा गेलं...’ एवढंच त्याची सून फोनवर बोलली. महिना होत आला, तरी त्याची आठवण निघाली की आधी डोळ्यांपुढं येतो तो आम्ही तिघा वर्गमित्रांनी वायनरीत घालवलेला दिवस.

तासगावजवळ दिनकरची बाग. पंधरा वर्षं त्यानं वाइनची द्राक्षं पिकवली, पण वाइन कधी ओठाला लावली नाही. वडील, म्हणजे आबा, दारूपायी गेले, तेव्हापासून त्याला तिचा वासही नको असे. गेल्या वर्षी त्याच्या जिभेला गाठ निघाली. अर्धी जीभ काढावी लागेल, चव जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला, ‘मास्तर, जीभ हाय तवर आपल्या द्राक्षाचं काय हुतंय ते बघाया पायजे. येतोस न्हवं?’

फौजेतून निवृत्त झालेला हणमंत गाडी घेऊन आला. पहिल्या वायनरीत दिनकर नुसता हिंडला, लेकीच्या सासरी पहिल्यांदा आलेल्या बापासारखा. दुसरीत त्याचीच द्राक्षं जायची. तिथल्या मुलीनं पेल्यात बोटभर लाल वाइन ओतली. ‘आजोबा, आधी वास घ्या. मग घोट तोंडात फिरवा. नको वाटलं तर या भांड्यात थुंका.’

दिनकरनं घोट घेतला, फिरवला आणि थुंकला. त्याचे डोळे भरून आले.

‘झोंबलं व्हय रं?’ हणमंतनं विचारलं.

‘झोंबतंय... पण त्ये न्हाई. आमचा आबा गटागटा प्यायचा. चव काय आसती, त्याला कवा कळलीच न्हाई बग.’

मग त्यानं दुसरा घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि गिळला. परतताना गाडीत एवढंच म्हणाला, ‘लय वर्सं राग धरला गड्या मी त्येच्यावर...’

ऑपरेशननंतर त्याचं बोलणं अस्पष्ट झालं, चव गेलीच. द्राक्षाच्या हंगामात मी भेटायला गेलो की तो माझ्यापुढं घड ठेवायला लावायचा आणि हातानं खुणावायचा, खा आणि सांग. नुसतं ‘गोड आहे’ त्याला पुरत नसे. हळूहळू मला सांगता येऊ लागलं. साल कशी ताठ आहे, गोडी कुठं लागते, शेवटी आंबटपणा कसा उरतो... तो डोळे मिटून ऐकायचा.

काल जेवताना पहिल्या घासालाच मी थांबलो. ‘मीठ जास्त झालंय का?’ बायकोनं विचारलं.

‘नाही गं. आधी शेंगदाण्याचं कूट लागतं, मग तिखट... आणि अगदी शेवटी वांगं.’

तिनं आणखी एक वांगं माझ्या ताटात वाढलं.