आईसाठी नेलेली जुनी फळी आणि आटत चाललेलं पालीचं तळं

गोव्यातला माझा विंडसर्फिंगचा, म्हणजे शिडाच्या फळीवर उभं राहून पाण्यावरून जायचा व्हिडिओ आईनं पुन्हा पुन्हा पाहिला, चष्मा पुसून आणखी एकदा पाहिला आणि म्हणाली, "मला बी उभं राहायचंय त्याच्यावर. आपल्या पालीच्या तळ्यात."

मी हसले. ती हसली नाही.

आईनं सगळी नोकरी पालीच्या अंगणवाडीत काढली. रोज बीडहून जायची, पोरं घरी गेली की बिंदुसरा नदीवरच्या धरणाच्या, म्हणजे आमच्या पालीच्या तळ्याच्या काठाला बसून डबा खायची. इतकी वर्षं पाण्याशेजारी काढून घोट्याच्या वर पाणी तिनं कधी लागू दिलं नाही. आपल्याकडे बाया पाण्यात उतरतात त्या धुण्याचं बोचकं घेऊनच. आता तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की त्यानंतर असले उद्योग विसरा. वर पाऊस अर्ध्यातच पळालेला. धरणातलं उरलेलं पाणी बीडला प्यायला राखून ठेवलेलं. म्हणजे गुडघे आणि तळं, दोन्ही संपायच्या आत आईला पाण्यावरून चार हात का होईना, पण न्यायचं होतं.

नवीन बोर्ड परवडणारं नव्हतं. गोव्यात एक गृहस्थ बिऱ्हाड गुंडाळत होते, त्यांच्याकडून मी एक जुनं बोर्ड, शीड आणि डोलकाठी असं सगळं उचललं. बोर्ड आखूड होतं, अरुंद होतं, एका बगलेत मावत होतं. मला वाटलं, वा! आई चणीनं लहान, बोर्डही लहान. बीडमध्ये आम्ही सगळे भाड्याच्या छोट्या सायकलवर शिकलो, मोठी सायकल नंतर. तोच हिशेब मी पाण्याला लावला. हे वाचून कुणी जुनं बोर्ड घ्यायला निघालं असेल तर इथेच थांबा आणि पुढचं नीट वाचा.

पुण्याहून पहाटे निघाले. नगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा आणि पाली हा माझा आवडता रस्ता. जामखेडपर्यंत बरा आहे, पुढे मध्येमध्ये हाडं खिळखिळी होतात. टपावर काही बांधून नेणार असाल तर दोर दर थांब्याला तपासा, माझा दोनदा सैल झाला. पाटोद्याला बाजाराचा दिवस होता. गरम भजी आणि कट चहा असा नाश्ता उरकला, पैसे किरकोळच झाले. तेवढ्यात गाडीभोवती माणसं जमली. एकाला ते विमानाचा पंख वाटलं, दुसऱ्याला शवपेटीचं झाकण. लिंबं विकणाऱ्या आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाण्यावर चालतंय म्हनता, मग इकडं कावून आनलं?" मी त्यांच्याकडून लिंबं घेतली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला घेऊन पालीला गेले. बीडहून रिक्षानंही जाता येतं, पण परतीला रिक्षा मिळेलच असं नाही, तेव्हा जाताना ठरवूनच न्या. चांगल्या पावसात सांडव्यावरून पाण्याची चादर पडते तेव्हा इथे उभं राहायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. पाणी लांब आत सरकलेलं आणि मध्ये भेगाळलेल्या मातीचा पट्टा.

काठाला मच्छीमार सोसायटीची पत्र्याची शेड आहे. सोसायटीचे चेअरमन बबनमामा बाहेर जाळं शिवत बसले होते. त्यांची तिन्ही पोरं आईच्या अंगणवाडीत होती, त्यामुळे आईला पाहिल्याबरोबर उठून उभे राहिले. आम्ही पाण्यात उतरणार म्हटल्यावर त्यांनी आधी हद्द दाखवली. जाळी कुठे आहेत, पाण्याच्या मोटारी कुठे आहेत आणि बाईंनी कुठवर जायचं ते. तुम्हीही कुठल्याही तळ्यावर गेलात तर आधी तिथल्या माणसांना विचारा.

कंबरभर पाण्यात मी बोर्ड धरलं. आईनं पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवलं होतं. ती गुडघ्यांवर चढली, उठून उभी राहिली आणि बोर्ड तिच्यासकट खाली गेलं. उलटलं नाही, नुसतं बुडालं. नंतर कळलं की असली जुनी आखूड बोर्डं पट्टीच्या माणसांसाठी असतात. वेग असला तरच ती माणसाला तोलतात, थांबली की पाण्याखाली. नवशिक्याला लांब, रुंद, जाडजूड फळी लागते, वर उभं राहून मागं वळून पाहिलं तरी न डगमगणारी. आई परत चढली, परत बुडाली. पहिल्यांदा खळखळून हसली. मग हसणं कमी होत गेलं. शेवटी काठावर बसून गुडघे चोळायला लागली.

"बाई, आमच्याकडं हाय की एक फळी," बबनमामा म्हणाले. "लई मोठी हाय. म्हैस बसली तरी बुडायची न्हाई."

शेडमध्ये जाऊन पाहते तर काय! अस्सल जुनं, लांबलचक, खाटेएवढं रुंद विंडसर्फिंग बोर्ड. कोण्या काळी इथे साहसी खेळांचं शिबिर झालं होतं, त्या लोकांनी जाताना टाकून दिलेलं. सोसायटीनं ते मासेमारीला लावलं होतं. आडवं पडून हातानं वल्हवायचं आणि जाळी काढायची. फळी एक आणि सभासद बरेच, म्हणून बारी लावलेली. एकेका दिवशी एकेकाची बारी, आणि ज्याची बारी चुकली त्याला पुन्हा फिरून येईपर्यंत टायरच्या ट्यूबवर भागवावं लागायचं.

मी गुडघे टेकून फळी तपासली. तुम्हीही अशीच तपासा. अंगठ्यानं जागोजाग दाबून बघा, मऊ लागलं तर आतला फोम कुजलाय. उचलून बघा, अवाच्या सवा जड असेल तर पाणी प्यालेली आहे. डोलकाठीचा रबरी सांधा वाकवून बघा, चिरा असतील तर बदला. ही फळी सगळ्यात पास झाली. फक्त एक गोष्ट खटकली. अशा बोर्डाच्या पोटात एक लांबट खाच असते. तिच्यातून खाली पाती सोडतात, म्हणजे वाऱ्यानं बोर्ड आडवं वाहून जात नाही. सोसायटीवाल्यांना वाटलं होतं, नावेला भोक पडलंय. त्यांनी ती खाच डांबर आणि सिमेंटनं बुजवून टाकली होती.

मला हसू आवरेना. हे उकरून काढायला हवं, पाती बसवायला हवी, नवशिक्याला पातीशिवाय जमतच नाही, असं मी गोव्यातल्या पाच दिवसांच्या कोर्सच्या जोरावर ठणकावून सांगितलं. बबनमामांनी मान खाजवली. उद्या त्यांची बारी होती, ती ते बाईंना द्यायला तयार होते. "हाय तशीच घेऊन जावा ना ताई. कावून उकरता?" आईसुद्धा म्हणाली, राहू दे, मला काय शर्यत लावायचीय. पण माझं घोडं पुढेच.

फळी सगळ्यांची, त्यामुळे उकरायची तर सगळ्यांना विचारायला हवं. संध्याकाळी सभासद शेडपुढे जमले. उकरायला आणि पाती करायला दिवस लागणार, त्यात मामांच्या पाठोपाठ पुढच्या दोघांच्या बाऱ्या जाणार होत्या. मग त्यातलाच एकजण म्हणाला, बाईंनी आपली पोरं सांभाळलीत, होऊ द्या. चहा झाला आणि ठरलं. त्या दोघांनी त्या दिवसांचे मासे सोडले, आणि त्या वर्षी तळ्यात मासे किती उरले होते ते त्यांनाच माहीत. मी आभार मानले. तेवढ्यावर भागलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

डांबर निघता निघेना. छिन्नी, हातोडा आणि गरम पाणी, सगळं झालं. बीडच्या एका सुतारानं लाकडाची पाती करून दिली, खाचेत घट्ट बसली. नीट बसावी म्हणून मी फळी रात्रभर पाण्यात ठेवली आणि सकाळी लाकूड फुगून बसलं. पाती खाली अडकली ती अडकलीच, वर यायचं नाव नाही. मला वाटलं, असू दे, खालीच तर हवीय.

या सगळ्यात पाणी आमच्यासाठी थांबलं नव्हतं. मोटारी उपसतच होत्या, काठ रोज आत सरकत होता. जिथे आई कंबरभर पाण्यात उभी होती तिथे आता मांडीएवढंच पाणी होतं, आणि पुढे गाळ. त्यात पाय रुततो म्हणून बबनमामांनी आईला पुढे जायला साफ नाही म्हटलं.

त्या दुपारी वारा मात्र झकास होता. काठावर सोसायटीची माणसं आणि त्यांच्या घरच्या बाया जमल्या होत्या. आई चढली. उभी राहिली. फळी जराही हलली नाही. मी गोव्याहून आणलेलं शीड दोरीनं हळूहळू वर ओढलं, आडवी दांडी धरली, शिडात वारा भरला आणि ती ताठ उभी! मागे डोंगर, अंगावर उन्हं, केस उडताहेत आणि तोंडावर असं हसू की मी ते कधी पाहिलं नव्हतं. बाया टाळ्या वाजवायला लागल्या, मीही वाजवल्या. एका हातानं व्हिडिओ काढत ओरडत होते, चालली बघ, चालली!

आणि मग मला दिसलं. पाती गाळात रुतली होती. फळी खुंट्यासारखी एका जागी उभी होती. वाऱ्यानं पाणी दोन्ही बाजूंनी सरकत होतं म्हणून ती चालल्यासारखी वाटत होती. मी धावत जाऊन ढकलून पाहिलं, बबनमामांनीही जोर लावला, पाती निघेना. तेवढ्यात आईनं शीड सोडलं आणि गुडघे धरून ती हळूच खाली बसली. बस, म्हणाली, झालं माझं.

बुजवलेली खाच तशीच राहू दिली असती तर ती सपाट फळी मांडीभर पाण्यातूनही सहज सरकली असती. आडवी का होईना, वाऱ्याबरोबर दहा-वीस हात गेली असती. तेवढंच तर हवं होतं.

संध्याकाळी बबनमामांच्या घरी जेवलो. कटला माशाचं कालवण, ज्वारीची भाकरी, वर ठेचा. पैशांचा विषय काढला तर मामा रागावले. आई सगळ्यांना सांगत होती, पडले न्हाई बघा, एकदा बी पडले न्हाई. मी खाली मान घालून भाकरी मोडत होते. निघालो तेव्हा शेडपुढे चूल पेटली होती. एकजण पाती करवतीनं कापत होता आणि डब्यात डांबर तापत होतं.

पुण्याला येऊन महिने झाले. ते आखूड बोर्ड गच्चीवर पडून आहे. कुणाला नवशिक्यासाठी हवं असेल तर देणार नाही, आधीच सांगते. आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. ती घरात वॉकर घेऊन फिरते. व्हिडिओ नातेवाइकांत सगळीकडे गेलाय, सगळे कौतुक करतात. मी तो पाहते तेव्हा आईच्या मागची बाभळ तेवढी बघते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी आहे.

गेल्या आठवड्यात राहवलं नाही. फोनवर सांगून टाकलं, "आई, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी फळी चालली नव्हती."

"मला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या काठाला डबा खाल्लाय मी. तिथली बाभळ हालली का न्हाई ते कळंना का मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू लई टाळ्या वाजवत व्हतीस." मग म्हणाली, "आता पाणी आलं की बबनला सांग, ती खाच उकरू नका म्हणावं. आपण हाय तशीच नेऊ."

मी हो म्हणाले. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या होत्या आणि बबनमामांनी सकाळीच पाठवलेल्या फोटोत, आम्ही जिथे फळी ढकलत होतो तिथे, माणसं क्रिकेट खेळत होती.