पाहुण्यांसमोर यंत्र बंद ठेवणारे भाऊसाहेब

आमच्या व्यापारी इमारतीच्या व्यवस्थापकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते सज्जन आहेत, हे आरंभीच नमूद करतो; कारण पुढील सर्व मनस्ताप त्या सज्जनपणातूनच उद्भवला. बाहेरच्या माणसाला आपल्याकडचे उणे दिसू नये, या एकाच तत्त्वावर त्यांचे आयुष्य उभे आहे. नळदुरुस्तीवाला येणार असला की ते गळका नळ आधीच चिंधीने घट्ट आवळून ठेवतात. डॉक्टरांकडे जाताना खोकल्याचे औषध पिऊन जातात. "उगाच त्यांच्यापुढे खोकायला नको," म्हणतात.

माझी मुद्रितशोधनाची खोली चौथ्या मजल्यावर. पाचव्यावर भाऊसाहेबांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची, दातांच्या कवळ्या बनवण्याची कार्यशाळा. ताईंचे गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे विजेचे बिल पाहून मालकांनी "लिफ्ट बंद करा" असे फर्मावले, तेव्हा ती कार्यशाळाच बंद होण्याची वेळ आली. भाऊसाहेबांनी प्रथमच मालकांपुढे तोंड उघडले. "साहेब, वीज नेमकी कुठे जाते ते आधी तपासून घेऊ. जे सर्वांत जास्त खातं, ते बंद करा."

मालकांनी मान्य केले. खादाड कोण, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते: गच्चीवरचे म्हातारे वातानुकूलन यंत्र, जे रिकाम्या तिसऱ्या मजल्यालाही इमानेइतबारे गारठवत असे.

ऊर्जेचे लेखापरीक्षण कोणाकडून करून घ्यावे, यासाठी सभा भरली. पहिली संस्था इमारतीत एक फेरफटका मारून अंदाज सांगणार होती. दुसरी फुकट तपासणार होती. परंतु ती दिवे विकत असल्याने दोष दिव्यांचाच निघणार, हे उघड होते. तिसरी प्रत्येक यंत्राच्या तारेवर मापक बसवून आठवडाभर मोजणार होती.

"आठवडाभर? परीक्षक आहे की जावई?" पहिल्या मजल्यावरचे शिंपी म्हणाले.

"आपल्याला पास करील असा बघा ना कुणीतरी," विमाएजंट बाईंनी सुचवले. या सूचनेला टाळ्या पडल्या, यावरून सभेची पातळी कळावी.

"ताईचे गुडघे मी अंदाजावर सोडणार नाही," भाऊसाहेब म्हणाले आणि तिसरी संस्था ठरली. निवड अचूक होती. इतकी अचूक निवड इतक्या निष्ठेने वाया घालवलेली मी पाहिली नाही.

मापके बसली त्याच सकाळी माझी खोली तापली. जिन्यात अंधार. शिंप्यांच्या इस्त्र्या थंड. भाऊसाहेब मजल्यामजल्यावर बटणे बंद करीत फिरत होते.

"अहो, ते मोजायलाच आलेत!" मी म्हणालो.

"म्हणूनच तर. मोजणाऱ्यासमोर एवढं हादडणं शोभतं का?"

चालू होती ती फक्त लिफ्ट. कारण पाहुण्यांना जिने चढायला लावणे हा अपमान. परीक्षक दिवसभर वर-खाली करीत, आणि प्रत्येक वेळी भाऊसाहेब त्यांना दारापर्यंत पोहोचवायला सोबत जात.

"गच्चीवरचं मशीन बंदच असतं का?" परीक्षकांनी विचारले.

भाऊसाहेब शरमेने लाल झाले. "छे छे! ते कोण लावतंय!"

अहवाल आला. इमारत आदर्श ठरली. तिच्यात विजेची सर्वाधिक उधळपट्टी करणारी वस्तू एकच, ती म्हणजे लिफ्ट. मालकांनी भाऊसाहेबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केले आणि लिफ्टला कुलूप ठोकले.

ताईंना तळमजल्यावर भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये, अर्ध्या टेबलावर, संसार थाटावा लागला. त्यांनी भावाला फैलावर घेतले. "अरे, माझे गुडघे दाखवायला नेलंस तेव्हाही हेच! डॉक्टर विचारतायत मला, आणि तू सांगतोस, 'ताई छान चालते हो!'"

मी मालकांना तीन पानी निवेदन दिले. फेरमोजणी मंजूर झाली. प्रश्न भाऊसाहेबांच्या जिभेचा होता. तो ताईंनी सोडवला. गच्चीची किल्ली त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली, आणि परीक्षक दारातून येताना दिसले की त्या भावाला खुर्चीत बसवून त्याच्या तोंडात कवळीच्या साच्याचा लगदा भरत. भाऊसाहेबांचे सर्व दात शाबूत आहेत, हे येथे सांगितले पाहिजे.

परीक्षक केबिनमध्ये आले. वर यंत्र घरघरत होते. "हे रोज असंच चालतं?"

भाऊसाहेबांनी ताईंकडे पाहिले. ताईंनी त्याची हनुवटी दाबून धरली. अखेर भाऊसाहेबांनी डोळे मिटून, मुलीचे लग्न मोडल्याची कबुली द्यावी तशी, होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आले.

लिफ्ट सुरू झाली. ताई पाचव्या मजल्यावर परतल्या. नव्या अहवालात खादाड ठरलेले यंत्र मालकांनी कायमचे बंद केले, आणि माझी खोली आता भट्टीसारखी तापते. तक्रार केली की भाऊसाहेब तत्काळ येतात, मात्र दाराबाहेर थांबून आधी स्वतःचा घाम स्वच्छ पुसतात, आणि मगच आत येऊन म्हणतात, "उकडतंय? मला तर नाही बुवा जाणवत."