पाटीवरची रेघ

उदगीरला बसस्टँडमागं एका कारागिराचं नावाच्या पाट्या कोरायचं दुकान होतं. मशीनला नवं बिट, म्हणजे कोरायचं टोक, लावलं की तो आधी अॅक्रिलिकच्या तुकड्यावर चालवायचा आणि निघालेला भुगा बोटांत चोळून बघायचा. चिकट लागला तर बिटाचं फिरणं कमी करायचा. "सर, प्लास्टिक हाय हे, लोखंड न्हाई. एका जागी लई फिरलं की पाघळतं." गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी हे चुकायचं नाही.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा उठली होती. मी हौसेनं घराच्या पाटीवर 'जिल्हा उदगीर' कोरायला सांगितलं. तो नुसता हसला.

मशीनची मोटार थंड राहावी म्हणून खालच्या बादलीतलं पाणी पंपानं फिरत असे. 'जिल्हा' अर्धा कोरून झाला आणि दुकानाशेजारी राहणारा एकजण दारात आला. त्याची आई गेली होती. टँकर आला नव्हता, अंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं.

यानं मशीन बंद केलं, पंप काढला आणि बादली उचलून दिली. "प्यायचं न्हाई, पण स्वच्छ हाय. अख्खी न्या." मग मला म्हणाला, "सर, तुमची पाटी आता पाणी आल्यावर."

आठ दिवसांनी पाटी मिळाली. बिट पुन्हा टेकलं तिथं केसाएवढी रेघ उमटली होती. "दुसरी करून देतो," तो ओशाळून म्हणाला. मी नको म्हटलं.

आता ते दुकान नाही. जिल्हाही झाला नाही. पाटी खोटी आहे, बदला, असं येणारा-जाणारा सांगतो. मी बदलत नाही. तिच्यावरची ती रेघ खरी आहे.