लिटरला किलो म्हणणारी

काकू एकवीस वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एकशे चाळीस माणसांचं जेवण रांधत होत्या. भाजी अळणी झाली, भात गिच्च झाला, अशा तक्रारी त्यांनी खाली मान घालून ऐकल्या होत्या. चोर मात्र त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. ते सोमवारी सकाळी झालं.

नवे व्यवस्थापक आठवड्यापूर्वीच रुजू झाले होते आणि आल्या आल्या त्यांनी वजनकाटा मागवला होता. काकूंनी तेलाचा नवा डबा फोडला, अजून पळीभरही काढलं नव्हतं, तोच व्यवस्थापकसाहेबांनी तो काट्यावर चढवला. रिकाम्या डब्याचं वजन वजा करून तेल भरलं तेरा किलो सहाशे पन्नास ग्रॅम. मागणीच्या कागदावर काकूंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'तेल, पंधरा किलोचा एक डबा.'

बाकीचं तेल कुठं गेलं, असं साहेबांनी विचारलं. उत्तराची वाटही न पाहता, खुंटीवरची पिशवी उघडून दाखवा म्हणाले. भाजी चिरणाऱ्या तिघीजणींसमोर काकूंनी ती ओट्यावर पालथी केली. चष्म्याचं घर, नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एक रुमाल.

तिघींपैकी एक त्यांची नणंद. तिला गप्प बसणं जमत नसे. "वहिनी, एवढं तेल नेलंस तर दाराच्या बिजागऱ्यांना तरी घालायचंस. किती करकरतात मेल्या."

एरवी काकू हसल्या असत्या. त्या दिवशी कानशिलं तापली होती. रुमालाची घडी घालून त्यांनी सगळं परत पिशवीत भरलं. त्यांनी डबा फिरवला. कडेला बारीक अक्षरांत छापलं होतं, पंधरा लिटर.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. या स्वयंपाकघरात लिटर हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हताच. तेल काढायच्या लांब दांड्याच्या लिटरभर मापाला सगळ्या 'किलोचं माप' म्हणत. काकूंच्या आधीची स्वयंपाकीणही तेच म्हणायची. तोंडात बसलेला शब्द काकूंनी कागदावर उतरवला होता.

त्यांनी कोठीतून सीलबंद डबा आणून काट्यावर ठेवला. आकडा तोच आला. साहेब म्हणाले, मग दुकानदार चोर आहे.

काकूंना वाटलं, या माणसाला चोर सापडल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी ते लांब दांड्याचं माप पाण्यानं भरलं. मापाचं वजन सोडून बरोबर एक किलो. पाणी ओतून, माप कोरडं पुसून तेल भरलं. नऊशे दहा ग्रॅम.

"तेल पाण्याहून हलकं असतं, साहेब. म्हणून तर ते आमटीवर तरंगतं. पंधरा मापांचं किती होतं, तुम्हीच बघा."

साहेबांनी मोबाइलवर गुणाकार केला, दोनदा केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, बरं, माझ्या खोलीत या, बोलू.

"खोलीत नाही," काकू म्हणाल्या. "पिशवी मी इथं उपडी केली."

तिघींच्या विळ्या थांबल्या होत्या. साहेबांनी घसा साफ केला. मोजण्यात थोडी गफलत झाली, असं ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"लिटरला किलो म्हटलं, ती चूक माझी. उद्यापासून लिटर लिहीन. मला चोर म्हटलं, ती कुणाची?"

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला.

"माझी," साहेब म्हणाले. या खेपेला ते काकूंकडे बघत होते.

काकूंनी मान हलवली. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत, केलंही नव्हतं. दहा वाजून गेले होते आणि एकशे चाळीस ताटं वाढायची होती. त्यांनी कढईत दोन लिटर तेल ओतलं.